पंधरा मेची रेषा

बुधवारी सकाळी साडेअकराला, रायपुरात तेलीबांध्याच्या ऑफिसात, चहावर साय धरायला लागली असताना भार्गवला स्वतःचं वाक्य सरकारी राजपत्रात भेटलं. अजून मसुदाच होता, तीस दिवसांत हरकती मागवल्या होत्या. पण छपाई सरकारची, सही सरकारची, आणि वाक्य मात्र त्याचं. ‘जलाशय की सीमा से अभिप्राय उस रेखा से है, जहाँ पंद्रह मई को जल खड़ा हो.’ कलम दोन, उपकलम ग. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याला नुसतं बरं वाटलं, परगावच्या बाजारात ओळखीचा माणूस दिसावा तसं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यानं चहाचा कप दूर सारला. तलावापासून पन्नास मीटरच्या आत कारखान्याचं काही उभारायचं नाही, राख टाकायची नाही, हा नियम जुनाच होता आणि तो कोणी बदलला नव्हता. बदललं होतं एवढंच, की तलाव कुठं संपतो. आजवर तो पाळीवर संपायचा, म्हणजे मातीच्या बांधावर. आता तो भर उन्हाळ्यात, छत्तीसगढातले तलाव सुकून थाळीएवढे होतात त्या दिवशी, उरलेल्या पाण्याच्या काठावर संपणार होता. बाकीचा तलाव म्हणजे जमीन. समोरच्या काचेतून तेलीबांध्याचा तलाव दिसत होता, बारमाही भरलेला, भोवती फिरायची फरसबंदी केलेला, आणि भार्गवला वाटलं, याला बापड्याला काही भीती नाही.

निधीनं येऊन टेबलावर हलकेच थाप मारली. निधी विभागप्रमुख, दिल्लीहून आलेली, वयानं त्याच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान, वागायला अतिशय चांगली. तिच्याबद्दल वाईट बोलायला भार्गवला तीन वर्षांत काही सापडलं नव्हतं आणि अडचण नेमकी तीच होती. “भार्गव जी, देखा? वर्ड टू वर्ड! कॉमा तक नहीं बदला.” बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं मान लववली, हसला, आणि साय बोटानं बाजूला करून तो गार चहा पिऊन टाकला.

सत्तावीस वर्षांपूर्वी तो कंपनीत लागला तेव्हा या कामाला लायझन म्हणत. लायझन म्हणजे उपसचिवाच्या खोलीबाहेरच्या बाकावर डायरी आणि मिठाईचा डबा घेऊन बसणं, शिपायाच्या मुलीच्या लग्नाला जाणं, आणि नातेवाइकांनी विचारलं की “ॲडमिनमध्ये आहे” म्हणून सांगणं. तेव्हा त्याला लाज वाटायची. पण त्या लाजेला निदान बसायला एक जागा होती. मग कंपनी मोठी झाली, बाकं जाऊन बैठका आल्या, मंत्रालय उठून नवा रायपुरात गेलं, आणि विभागाचं नाव झालं लोकनीती. आता सगळं उघड. कंपनीनं सरकारला कोणत्या महिन्यात काय सुचवलं, कोण कोणाला भेटलं, हे दर तिमाहीला वेबसाइटवर नावानिशी लागतं. कोणत्या पक्षाला किती देणगी दिली हे वार्षिक अहवालात छापलेलं असतं, आणि दोन्ही पक्षांची नावं एकाखाली एक असतात, सख्ख्या जावांसारखी. निवडणुकीआधी कंपनी चांगल्या हॉटेलात सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बोलावते, मागे स्वतःचा फलक लावते, पुढे लोकांना जेवण देते. यात काय लपवायचं आहे? काहीच नाही. भार्गव पहिल्यांदा व्हिजिटिंग कार्ड घेऊन घरी आला होता तेव्हा त्यानं ते बाबांच्या हातात ठेवलं होतं. बाबांनी भिंग लावून वाचलं आणि विचारलं होतं, “म्हणजे तू नेमकं करतं काय?” त्यानं सांगितलं होतं, सरकारला आमचं म्हणणं समजावून सांगतो. “हे बरं आहे,” बाबा म्हणाले होते. “सरकारले कोणी काही समजावूनच सांगत नाही.”

ते वाक्य कुठून आलं, हे भार्गवला विसरता आलं असतं तर फार बरं झालं असतं. नोव्हेंबरातली गोष्ट. परसाडीहच्या विस्ताराची बैठक चालली होती. परसाडीह हे अभनपुरच्या पुढचं गाव. कंपनीला तिथं कारखान्याच्या राखेसाठी जागा हवी होती आणि मध्येच एक तलाव बसला होता. बाहेरून आलेली दोन सल्लागार पोरं लॅपटॉप उघडून उपग्रहाचे फोटो दाखवत होती आणि त्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं. एका फोटोत तलाव एवढा, दुसऱ्यात तेवढा. दोन तास भार्गवकडं कोणी पाहिलं नव्हतं. चोपन्न वर्षांच्या माणसाला भरल्या बैठकीत दोन तास कोणी काही विचारू नये, हे त्याचं त्यालाच कळतं कसं असतं. मग त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, अहो, हे फोटो वेगळ्या महिन्यांतले आहेत. माझे वडील सिंचन विभागात ओव्हरसियर होते, आयुष्यभर तलाव मोजले त्यांनी. ते म्हणायचे, तलाव कुवारात मोजावा, पाऊस संपून अश्विनात पाणी पाळीला टेकलेलं असतं तेव्हा. मे महिन्यात तलाव मोजतो तो चोर. सगळे हसले. गोष्ट चोराची होती म्हणून हसले असतील असं त्याला वाटलं. निधी हसली नाही. ती पुढं झुकली आणि म्हणाली, “भार्गव जी, एक बार फिर से बोलिए.” आणि तो पुन्हा बोलला. अधिक रंगवून बोलला, हातवारे करून बोलला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून निराळं काय असतं? संध्याकाळी तिनं त्यालाच लिहायला सांगितलं, आणि त्यानं ते लिहिलं. कोणी हात पिरगाळला नव्हता. छान, नेटकं, आपल्याच हातानं लिहिलं. फेब्रुवारीत नवा रायपुरला सरकारी विभागाच्या बैठकीत उभं राहून वाचूनही दाखवलं.

आणि तो तलाव कोणता, हे त्याला माहीत नव्हतं का? परसाडीहचा तलाव दुष्काळी कामावर खोदला गेला तेव्हा बाबा तिथं ओव्हरसियर होते आणि भार्गव नऊ वर्षांचा होता. सुट्टीत बाबा त्याला सायकलच्या नळीवर बसवून न्यायचे. कामाला माणूस कमी असला की फितीचं टोक त्याच्या हातात यायचं. पितळी कडी, उन्हानं तापलेली. बाबा पाळीवर एक खुंटी ठोकायचे, कडी तिच्याशी धरायला सांगायचे आणि फीत सोडत चालू लागायचे, लहान होत होत समोरच्या पाळीवर जायचे आणि तिथून ओरडायचे, “धरलं का?” तो ओरडायचा, “धरलं!” कडी जरा सरकली तर तिकडं माप चुकतं, हे बाबांनी त्याला एकदाच सांगितलं होतं, आणि तो श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मग पहिल्या पावसाळ्यात तलाव भरला आणि गावानं त्याचं लग्न लावलं. तिकडं तसा रिवाजच आहे. मधोमध सरईचा, म्हणजे सालाच्या लाकडाचा, खांब उभा करायचा, हळद लावायची, वाजंत्री लावायची. लग्न झाल्याशिवाय त्या पाण्याला कोणी देवाच्या कामी घेत नाही. बाबांना वरपक्षाकडून बसवलं होतं. ते लाजून नुसते उपरणं सारखं करत होते. त्या अश्विनात बाबांनी नावेतून जाऊन खांबावर पाण्याच्या पातळीला एक खाच पाडली, आणि पुढं बदली झाली तरी दरवर्षी ते ती खाच पाहायला जात राहिले. आईच्या आजारपणातही एक दिवस काढून गेले होते. तेव्हा भार्गव त्यांच्यावर चिडला होता.

गुरुवारी संध्याकाळी तो तात्यापाऱ्यातल्या घरी पोचला तेव्हा बाबा खुर्चीत नव्हते. आई गेल्यापासूनची चार वर्षं ते त्या खुर्चीत होते. जेवायला उठायचे, पुन्हा बसायचे. आता ते जमिनीवर बसले होते, त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, भोवती जुन्या मोजणीच्या वह्या, हातात कात्री. पेपरातली अधिसूचना चौकोनी कापून घेतलेली. त्याची बायको मीनल स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “सकाळपासून हेच करून राहिले. चहा बी दोनदा मागून घेतला.” तिच्या आवाजात आनंद होता. बऱ्याच दिवसांनी घरात कोणीतरी चहा मागितला होता.

“भार्गव, इकडं ये. हे वाच,” बाबा म्हणाले. त्यानं वाचलं. बाबा त्याच्या तोंडाकडं पाहत होते. “समजलं का? परसाडीहचा तलाव पाळ ते पाळ दोनशे बारा मीटर. मेमध्ये साठ राहते, साठ बी नाही. म्हणजे बाकीची जमीन झाली. पाळीच्या आत राख टाकतीन हे लोक, कायद्यानं टाकतीन.” मग ते थांबले. “मले एक सांग, हे कोणाले सुचलं असन?” भार्गव म्हणाला, “सरकारी काम आहे बाबा. असतील कोणी.” “नाही. सरकारी माणसाले हे सुचत नाही, अन् बाहेरच्याले तं नाहीच नाही. हे त्यालेच सुचन ज्यानं तलाव मोजला. चोर आहे, पण माहितगार आहे.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. भार्गवच्या मनात तर भर दुपार होती, सगळं लख्ख दिसत होतं, आणि सांगायची हीच वेळ आहे हेही दिसत होतं. बाबा, ते मी लिहिलं. चार शब्द. त्यानं ते मनात म्हणूनही पाहिले. तेवढ्यात बाबा म्हणाले, “गंगाधर आहे हा,” आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट त्यानं नंतर स्वतःला कधी माफ केली नाही, पण त्या क्षणी त्याला सुटल्यासारखंच वाटलं.

गंगाधर म्हणजे बाबांच्या हाताखाली एकोणीस वर्षं काम केलेले, आता अभनपुरला राहणारे. रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन यायचा. दोन म्हातारे गुडघे, मूग आणि मेलेल्या माणसांबद्दल पंधरा मिनिटं बोलायचे. निवृत्तीनंतर गंगाधररावांनी दोन-चार कंत्राटदारांना सल्ला दिला होता, एवढाच त्यांचा गुन्हा. सातला फोन आला. बाबांनी तो कानाला लावला आणि काही विचारपूस न करता म्हणाले, “काहून केलं रे हे तू?” पुढचं भार्गवला ऐकवत नव्हतं, पण तो तिथून हललाही नाही. पलीकडून आधी हसणं ऐकू आलं, मग “साहेब, साहेब” असं काहीतरी. “माह्या हाताखाली शिकला अन् हे विकलं? आजपासून फोन करू नको,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवून दिला. भार्गवनं त्यांना पाणी आणून दिलं. पाणी आणून देणं तेवढं त्याला जमलं.

रविवारी ते परसाडीहला गेले. बाबांनी गाडीत जुनी फीत घेतली होती, तुकडे जोडून लांब केलेली, चामड्याच्या डब्यातली. पाळीवर दयाराम वाट पाहत होता. हा त्या वेळचा चेनमन, बाबांच्या मोजणीची साखळी ओढणारा. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आवाजावरून माणूस ओळखतो. “आ गेव साहेब?” म्हणत तो बाबांच्या पाया पडायला वाकला आणि अंदाज चुकून भार्गवच्या पडला. तलावात पाणी दूर एका खोलगट कोपऱ्यात चकाकत होतं. भेगा पडलेल्या चिखलात सरईचा खांब उभा होता, काळा पडलेला, आणि त्यावरची खाच माणसाच्या डोक्याच्याही वर होती. तिथवर पाणी असतं हे कोणाला सांगून पटलं नसतं. पलीकडच्या पाळीजवळ कंपनीचे पिवळे खुंट रोवलेले होते. बाबांनी एक खुंटी ठोकली, कडी भार्गवच्या हातात दिली आणि दयारामच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले. दोघं म्हातारे, एक दिसणारा आणि एक न दिसणारा, फीत सोडत सोडत लहान होत गेले. समोरून बाबा ओरडले. आवाज पोचेपर्यंत फाटला होता, पण शब्द तेच होते. भार्गवनं कडी घट्ट धरली होती, पितळ हाताला चटका देत होतं, आणि त्याच्या तोंडून “धरलं” निघेना. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं नुसता हात वर केला. परतताना बाबा खुशीत होते. “दोनशे बारा. तेव्हा बी दोनशे बारा होते,” ते म्हणाले. “पंधरा मेच्या आधीच्या रविवारी पुन्हा येऊ. तेव्हा पाण्याचा काठ मोजू, तिथून पाळीपर्यंत काय हातचं जाते ते लिहू. तू येशीन ना?” तो म्हणाला, येईन.

सोमवारी बाबांची हरकत त्यानंच भरली. पोर्टलवर नाव, वडिलांचं नाव, पत्ता, मग मजकूर. बाबा हिंदीत सांगत गेले, तो टाइप करत गेला. इतकं सरळ लिहिलेलं कागदपत्र त्याच्या हातून बऱ्याच वर्षांत गेलं नव्हतं. ‘मई में तालाब नापना वैसा है, जैसे उपवास के दिन आदमी को तौलना.’ पावती आली, क्रमांक सदतीस. त्याच पानावर दुसरा आकडा होता, मसुद्याला पाठिंबा देणाऱ्या पत्रांचा: चार हजार एकशे सहा. ती पत्रं कशी आली हे भार्गवला माहीत होतं. कंपनीनं ट्रकमालकांना, माल पुरवणाऱ्यांना, कंपनीच्या शाळेतल्या पालकांना पत्राचा नमुना पाठवला होता आणि खाली ठळक लिहिलं होतं, इच्छा असेल तरच. तो नमुनाही वेबसाइटवर होता. बाबांनी विचारलं, “आपल्यासारखे किती आहेत?” तो म्हणाला, छत्तीस आहेत बाबा तुमच्या आधी. “हव,” बाबा म्हणाले, “छत्तीस काही कमी नाही.”

दुसऱ्या दिवशी तो निधीकडं गेला. हिंमत करून गेला. म्हणाला, ते पंधरा मेचं चुकलं आहे. मी ते चोराचं उदाहरण म्हणून सांगितलं होतं. निधीनं लॅपटॉप मिटला आणि सगळं ऐकून घेतलं. ती नेहमीच ऐकून घेते. मग म्हणाली, “तो आप ऑब्जेक्शन डाल दीजिए ना. एम्प्लॉयी भी डाल सकता है, अपनी पॉलिसी में लिखा है. कोई कुछ नहीं कहेगा.” आणि खरोखरच कोणी काही म्हणालं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं जागेवर येऊन फॉर्म उघडला. नाव भरलं. कारणाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला. भिंत असती तर डोकं तरी आपटता आलं असतं. इथं सगळी दारं उघडी, आणि पाय उचलत नव्हता. निवृत्तीला सहा वर्षं होती. पण तेही खरं कारण नव्हतं. खरं कारण असं की हरकत घ्यायची तर कोणाविरुद्ध, हे त्याला लिहावं लागलं असतं. दुपारी पान आपोआप बंद झालं.

महिनाअखेरीला तिमाहीची नोंद लावायची होती, आणि ती लावणं हे त्याचंच काम. प्रस्ताव कोणी मांडला, हा एक रकाना असतो. त्यानं तिथं ‘कंपनी प्रतिनिधी’ लिहून निधीकडं पाठवलं. ते परत आलं. “नाम लिखिए, भार्गव जी. नाम नहीं लिखेंगे तो लोग सोचेंगे, कुछ छुपा रहे हैं. और ये तो आपका क्रेडिट है.” नाव नोकरीच्या कागदांवरून उचललं जातं, जसं आहे तसं. त्या यादीत राकेश अग्रवाल होता, निधी माथुर होती, आणि मध्ये लांबलचक एकच नाव होतं: भार्गव श्यामराव देवपुजारी. इकडं रायपुरात बापाचं नाव मध्ये कोणी लिहीत नाही. कामाला लागताना कारकुनानं ते गाळलं होतं, तेव्हा भार्गवनंच हट्टानं पुन्हा घालायला लावलं होतं. आमच्यात असंच लिहितात, म्हणाला होता. त्यानं नोंद वेबसाइटवर चढवली.

मे लागला आणि एका सकाळी पेपरच्या पहिल्या पानभर कंपनीची जाहिरात आली. निळं आकाश, भरलेला तलाव, कमळं, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘हमने सरकार से क्या कहा, खुद पढ़िए.’ बाबांनी ती भिंगातून दोनदा वाचली. “ही तुमचीच कंपनी ना? मंग कोणी सुचवलं ते बी लिहिलं असन,” ते म्हणाले. “मले ते सगळं छापून आण. गंगाधरचं नाव मी माह्या डोळ्यानं पाहीन.” गंगाधररावांचा फोन त्या दिवसापासून आला नव्हता. सात वाजले की बाबा फोनकडं पाहायचे आणि मग घड्याळ पुढं आहे म्हणायचे. मीनल एकदा रात्री म्हणाली होती, “तुम्ही काहून काही बोलत नाही त्यायले? तुमाले माहीत असन ना कोणी केलं ते.” तो भिंतीकडं तोंड करून झोपला होता.

चौदा पानं होती. त्यानं ऑफिसच्या प्रिंटरवर काढली. नाव नवव्या पानावर होतं. तेवढं पान काढून ठेवता आलं असतं. बाबांनी पानांचे क्रमांक तपासले असते हेही खरं, पण प्रिंटर चुकला म्हणता आलं असतं. तो ते पान हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला, पंखा त्याचा कोपरा उडवत होता. सांगायचं धैर्य नाही आणि लपवायचंही नाही, असला माणूस देवानं कशासाठी केला असेल? शेवटी त्यानं चौदाही पानं एकत्र टाचली. आपण खरेपणानं वागलो असं त्याला मुळीच वाटलं नाही. कोणीतरी दुसऱ्यानं सांगावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि कंपनी ते सांगायला तयार होती.

शुक्रवारी संध्याकाळी कूलर घरघरत होता. बाबांनी पानं मांडीवर घेतली आणि मोजणीची वही वाचावी तसं एकेका ओळीखाली बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. भार्गव समोर बसला. पाचवं पान. सहावं. सातव्याला बाबा म्हणाले, “यायनं खरंच सगळं लिहिलं आहे, मानावं लागन.” नवव्या पानावर बोट अर्ध्यावर आलं आणि थांबलं. भिंग खाली आलं, पुन्हा वर गेलं. बोट श्यामराव या शब्दाखाली होतं. ते तिथून डावीकडं सरकलं, मग उजवीकडं, मग पुन्हा मध्ये आलं. भार्गवला वाटलं, आता आवाज चढेल, आता पानं अंगावर येतील, आणि त्याला ते फार हवंसं वाटलं. लहानपणी एकदा कडी सोडली म्हणून बाबांनी गालात दिली होती, तशी एक. बाबांनी पुढची पाच पानंही वाचली, सगळी, शेवटच्या ओळीपर्यंत. मग कडा जुळवून ती टीपॉयवर ठेवली.

“गंगाधरचा नंबर लावून दे,” ते म्हणाले. त्यानं लावून दिला. पलीकडं बराच वेळ रिंग गेली.

“गंगाधर, मी श्यामराव. ठेवू नको. त्या दिवशी मी तुले बोललो ते चुकलं माहं. तुह्यावर शंका घ्याले नको होती, म्हातारा झालो मी.” ते ऐकत राहिले. “हो, सापडला माणूस. कागदावरच लिहिलं आहे त्यायनं, लपवलं नाही काही.” पुन्हा थांबले. “नाही, तुह्या वेळचा नाही. माह्याच हाताखालचा आहे. मीच शिकवलं त्याले. लहान होता तेव्हा शिकवलं.” गंगाधरराव काहीतरी विचारत असावेत, कारण बाबा थोड्या वेळानं म्हणाले, “काय करतं मंग? आपलेच दात, आपलेच ओठ. तुहे गुडघे कसे आहेत ते सांग.”

पंधरा मिनिटं झाली. मीनलनं दिवा लावला. बाबांनी फोन भार्गवकडं परत दिला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चार वर्षं ते त्या खुर्चीत जसे बसत होते तसे ते पुन्हा बसले होते, आणि भार्गवला कळलं की हे आपण केलं. “बाबा,” तो म्हणाला. बाबांनी मान हलवली, ऐकलं अशा अर्थानं असेल, नको अशा अर्थानं असेल.

मग ते म्हणाले, “परवा रविवार आहे. दयारामले फोन लाव. टेप धराले ये म्हणा.”

“बाबा, दयारामला दिसत नाही. खुंटी कुठं आहे तेसुद्धा त्याला दिसणार नाही,” भार्गव म्हणाला. “मी येतो आहे ना. मी धरतो.”

“नाही,” बाबा म्हणाले. “तुले ऑफिस असन.”

सत्तावीस वर्षांत रविवारी त्याला एकदाही ऑफिस नव्हतं, आणि हे बाबांना ठाऊक होतं. भार्गवनं दयारामचा नंबर शोधला आणि फोन लावला.